जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाची किंमत ठरविताना
जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाचा सौदा करताना प्रथम ते खरोखर त्याच प्रकारचे आहे, याची खात्री करावी. महिंद्रा थारची केवळ मागील चाकांवर चालणारी आवृत्तीही २०२३ पासून बाजारात आहे. त्यानंतर मोकळ्या मातीवर ‘फोर-एल’ टाकून वाहन चालवून पाहावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही चाचणी टाळावी. वळणावर पुढील व मागील चाकांच्या गतीत फरक पडून यंत्रणेवर ताण येतो. ट्रान्सफर केसमधील खडखडाट किंवा डिफरन्शियलची तेलगळती आढळल्यास मेकॅनिककडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्यावा आणि तेवढी रक्कम कमी करण्याची मागणी करावी. ही मागणी रास्तच असते. चेसिसला भेग असल्यास मात्र घासाघीस न करता सौदा सोडावा. वाहनावर कर्ज असेल, तर बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.