रुग्णकक्ष आणि प्रयोगशाळा

रोगप्रतिकारशास्त्रातील प्रश्न पुष्कळदा रुग्णाच्या खाटेपाशी उपजतात आणि त्यांची उत्तरे मात्र प्रयोगशाळेत शोधावी लागतात. त्याच परागकणांनी एकाला दमा होतो, शेजाऱ्याला काहीच होत नाही, हे टिपणारा डॉक्टर हवा. त्याचे कारण शोधणारा शास्त्रज्ञ हवा. हे दोन्ही गुण एकाच व्यक्तीत घडविणे आपल्या प्रशासनाला जड गेले आहे.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. आजची हाफकिन संस्था ती हीच. परंतु हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते, त्यांच्याजवळ वैद्यकीय पदवी नव्हती. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा ही उणीव त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. त्यांचे निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ साल उजाडले.

स्वातंत्र्योत्तर काळात हे अंतर मिटविण्याची संधी दिल्लीत आली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत (एम्स) जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या साहाय्याने १९७२ साली रोगप्रतिकारशास्त्राचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्याची धुरा जीवरसायनशास्त्रज्ञ गुरुसरन प्राण तलवार यांच्याकडे होती. केंद्राची प्रयोगशाळा रुग्णालयाच्याच आवारात होती. १९८१ साली राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्था स्थापन झाली, केंद्र तिच्यात विलीन झाले आणि पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठालगतच्या स्वतंत्र वास्तूत गेले. स्वायत्तता मिळाली, शिस्तबद्ध डॉक्टरेट अभ्यासक्रम उभा राहिला. पण रुग्णकक्ष दुरावला.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मला यात संधिव्ययाचा प्रश्न दिसतो. एम.डी. झालेला तरुण संशोधनाकडे वळतो तेव्हा व्यवसायातील प्राप्तीवर पाणी सोडतो. त्याच्या संशोधनाचा लाभ मात्र साऱ्या समाजाला होतो. म्हणून हा खर्च शासनाने उचलणे क्रमप्राप्त ठरते. अमेरिकेने १९६४ सालापासून वैद्यक पदवी आणि पीएच.डी. एकत्र देणाऱ्या अभ्यासक्रमास सरकारी निधी दिला. आपल्याकडे डी.एम. करणारा निष्णात चिकित्सक होतो, पीएच.डी. करणारा शास्त्रज्ञ. दोन्ही शिड्या भक्कम आहेत. एकीवरून दुसरीवर जाण्यासाठी फळी मात्र अरुंद आहे.

शिष्यवृत्तीने तीन-चार वर्षे निभावतात. त्यानंतर पद लागते. निम्मा वेळ रुग्णालयात व निम्मा प्रयोगशाळेत देणाऱ्यासाठी स्वतंत्र पद, त्याचे सेवाप्रवेश नियम आणि बढतीचे निकष आधी निश्चित झाले पाहिजेत. त्यांवाचून कितीही प्रशिक्षण दिले तरी तयार झालेला माणूस अखेर एका बाजूस निघून जातो. नव्या वास्तूच्या कोनशिलेपेक्षा सेवानियमांतील एक परिच्छेद येथे अधिक काम करील, असे माझे मत आहे.