बडनेऱ्याहून अमरावती आणि कॉलेजच्या नेटचं बिल

वऱ्हाडातल्या कुठल्याही जाळ्याची गोष्ट सांगायची तर बडनेऱ्यापासून सुरुवात करावी लागते. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, पण मेन लाइन अमरावतीला न जाता बडनेऱ्यावरून पुढे सरकली. अमरावतीकरांच्या वाट्याला आला एक फाटा, नऊ-दहा किलोमीटरचा. नेटवर्कवाले ज्याला लास्ट माइल म्हणतात ना, तो आमच्याकडे कापसाच्या जमान्यापासून आहे!

आणि शकुंतला? ही तर त्याहून भारी केस आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज. म्हणजे अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर मधोमध, एक टोक अमरावती जिल्ह्यात आणि दुसरं यवतमाळात. रूळ किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे, गाडी चालवायची जीआयपी रेल्वेने, पुढे मध्य रेल्वेने. कंपनीला वाटा मिळायचा. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं हा करार तसाच चालू राहिला. आता रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची म्हटल्यावर स्लीपर बदलायचे कोणी? गाडी वर्षागणिक हळू होत गेली आणि शेवटी बंद पडली.

थोडं विषयांतर झालं, पण मुद्दाम केलं. कारण आजचा विषय आहे कॉलेजांच्या इंटरनेटचं बिल आजवर कोणी भरलं, आणि त्या बिलाने काय काय ठरवलं. विषय कोरडा आहे, मान्य. पण आपल्यापैकी जे अमरावती, अकोला, शेगाव, बडनेरा इथे शिकून पुण्या-बंगलोरला आले, त्यांच्या चार वर्षांवर या बिलाचा परिणाम झालेला आहे.

भारतात शिक्षणसंस्थांचं नेटवर्क सुरू झालं १९८६ मध्ये. नाव अर्नेट. इलेक्ट्रॉनिक्स खात्याचा प्रकल्प, पैसे केंद्र सरकारचे आणि युएनडीपीचे. पहिले मेंबर आठ : पाच आयआयटी, बंगलोरची आयआयएस्सी, मुंबईचं एनसीएसटी आणि दिल्लीला खुद्द इलेक्ट्रॉनिक्स खातं. वऱ्हाडातलं त्यात कोणी नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. अमरावती विद्यापीठच मुळी १ मे १९८३ ला नागपूर विद्यापीठातून वेगळं झालेलं, तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं. आमच्याकडे जिल्ह्याच्या गावी सॅटेलाइटची डिश आधी आली ती कलेक्टर कचेरीत, एनआयसीची. कॉलेजांचा नंबर बराच नंतर.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सगळ्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, म्हणजे कागदावर सगळ्यांसाठी. सुरुवात मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून. लहान गावातून जोडायचं तर एसटीडीचं बिल वेगळं. गंमत बघा, अमेरिकेत एनएसएफनेट हा सरकारी पैशावर चाललेला विद्यापीठांचा कणा त्याच वर्षी ३० एप्रिलला बंद करण्यात आला होता, कारण त्याचं काम झालं होतं. तिकडे सरकार हात काढून घेत होतं तेव्हा इकडे पहिला मोडेम किर्रर्र करत होता.

डायलअपचा तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, मीटर दोन पळायचे. एक अकाउंटच्या तासांचा, दुसरा फोनच्या कॉलचा. आमच्या लॅबमध्ये एका मशीनला फोनची वायर आणि बाकीची वीस मशीनं त्याच्यामागे प्रॉक्सीवर. दारात उभं राहून पोरं विचारायची, "नेट चालू हाये का बापा?" आत कोणी मोठी फाइल लावून बसला की बाकीच्यांची पानं अर्ध्यावर लटकलेली. इंटरनेटची फी मात्र सगळ्यांकडून सारखी घेतलेली, जो कधी लॅबमध्ये फिरकला नाही त्याच्याकडूनही.

शेअर्ड नेटवर्कचा खरा प्रश्न इथेच आहे. लाइनचा खर्च ठरलेला असतो, तुम्ही एक बाइट पाठवा की कोटभर. त्रास होतो तो गर्दीच्या वेळी, आणि तो ज्याने गर्दी केली त्याला न होता सगळ्यांना होतो. मग बिल वाटायचं कसं? सगळ्यांना सारखं, की वापराप्रमाणे?

ब्रिटनमध्ये जॅनेट हे विद्यापीठांचं नेटवर्क १९८४ पासून आहे. तिथे अटलांटिकपलीकडची लाइन इतकी भरली की ऑगस्ट १९९८ पासून त्यांनी अमेरिकेकडून येणाऱ्या डेटावर मेगाबाइटला दोन पेन्स लावले. विद्यापीठांनी लगेच कॅशिंगकडे लक्ष दिलं. तेच पान शंभर जणांनी शंभरदा समुद्रापलीकडून कशाला आणायचं? एकदा आणा, इथे ठेवा. आमच्याकडच्या कॉलेजांत जुन्या पेंटियमवर लिनक्स टाकून स्क्विड चालवणारे सर लोक हेच करत होते. मेगाबाइटचा दर लावायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण लाइन बारीक होती ना. मला तरी वाटतं की या मंडळींनी वाचवलेल्या पैशाचा हिशोब कुठल्याही अहवालात सापडायचा नाही.

मोठा बदल झाला तो यूजीसी-इन्फोनेटने. यूजीसीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ही योजना आली आणि २००३ पासून विद्यापीठांना लाइनी मिळू लागल्या. रचना अशी : पैसे यूजीसीचे, लाइन अर्नेटची, देखरेख अहमदाबादच्या इन्फ्लिबनेटची, आणि कॅम्पसच्या आतलं जाळं विद्यापीठाचं स्वतःचं. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यावर ई-जर्नल्सचा कन्सोर्शियम सुरू झाला. एकेका विद्यापीठाने प्रकाशकाशी घासाघीस करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकदाच सौदा करायचा. कल्पना उत्तम होती, याबद्दल दुमत नाही.

पण लाइन कुठे संपत होती? विद्यापीठाच्या दारात. अमरावतीला तपोवनाजवळच्या कॅम्पसमध्ये. विद्यापीठाची संलग्न कॉलेजं मात्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम अशा पाच जिल्ह्यांत पसरलेली. अकोल्याच्या पोराच्या दृष्टीने लाइन शंभरेक किलोमीटरवर येऊन थांबली. पुन्हा बडनेरा! फरक एवढाच की या वेळी फाटासुद्धा नाही.

अकोल्यात तर आणखी एक विद्यापीठ होतंच, १९६९ चं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. पण कृषी विद्यापीठांचं नेटवर्किंग दिल्लीच्या आयसीएआरच्या वाटेने चाललं. त्यांची माहितीप्रणाली वेगळी आणि पुढे २००७-०८ च्या सुमारास ई-जर्नल्सचा कन्सोर्शियमही वेगळा, सेरा नावाचा. म्हणजे शेजारशेजारच्या जिल्ह्यांत दोन विद्यापीठं, दोन मंत्रालयं, दोन स्वतंत्र सौदे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तीन विद्यापीठांनी १९६६ मध्ये मेरिट नावाची संस्था काढली, एकमेकांचे कॉम्प्युटर जोडायला. खर्च तिघांत वाटला. पुढे याच मेरिटने एनएसएफनेट चालवलं. असं काही वऱ्हाडात का झालं नाही? सहकार आम्हाला नवा आहे का? पंजाबरावांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचीच कितीतरी कॉलेजं या भागात आहेत, एका छत्राखाली. एकत्र लाइन घेऊन वाटता आली असती, असं वाटतं खरं. पण त्या काळचे नियम बघितले तर उत्तर मिळतं. लायसन्स नसताना भाड्याची लाइन घेऊन ती दुसऱ्याला वाटून द्यायची सोयच नव्हती. शिवाय लीज्ड लाइनचं भाडं अंतरावर. गावांमधलं अंतर जितकं जास्त तितकं बिल मोठं, आणि गावं आमचीच लांब लांब. ट्रायने २००५ मध्ये या भाड्यांवर नव्या कमाल मर्यादा आणल्या तेव्हा कुठे दर खाली आले.

कॉलेजांची पाळी आली फेब्रुवारी २००९ मध्ये, मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या आयसीटी मिशनने. विद्यापीठाला १ जीबीपीएसची लाइन आणि कॉलेजांना बीएसएनएलची ब्रॉडबँड कनेक्शनं. पंच्याहत्तर टक्के केंद्राचे, पंचवीस टक्के संस्थेने भरायचे. स्वस्तच म्हणायचं. पण यातली खरी मेख इंजिनिअरलाच कळेल. कॉलेजला एक जाड लाइन न देता ५१२ केबीपीएसची अनेक बारीक कनेक्शनं दिली, प्रत्येकाला वेगळा मोडेम. दहा कनेक्शनं म्हणजे पाच एमबीपीएस, हे फक्त बेरजेत. प्रत्यक्षात एक ऑफिसात, एक लायब्ररीत, एक प्राचार्यांच्या केबिनमध्ये. केबिनमधलं दिवसभर मोकळं आणि लॅबमधलं गुदमरलेलं. एकाची मोकळी जागा दुसऱ्याला मिळते म्हणून तर शेअर्ड लाइन स्वस्त पडते! दहा तुकडे केले की तो फायदा गेला. लोड बॅलन्सर लावून तुकडे जोडता येतात, पण तो घ्यायला पैसे आणि चालवायला माणूस लागतो, आणि योजनेचा पैसा कनेक्शनसाठी होता, माणसासाठी नव्हता. शकुंतलेचे स्लीपर आठवले की नाही?

त्या मानाने मार्च २०१० मध्ये मंजूर झालेलं नॅशनल नॉलेज नेटवर्क, ५,९९० कोटींचं, नीट आखलेलं होतं. पण तेही मोठ्या संस्थांसाठी.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि लॅबच्या दारात उभं राहणं संपलं. नेट पोरांच्या खिशात आलं. लोक याला प्रश्न सुटला म्हणतात. मी म्हणेन बिल सरकलं, कॉलेजच्या खात्यातून पोराच्या रिचार्जवर. २०२० मध्ये वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा धारणी-चिखलदऱ्याकडच्या, म्हणजे मेळघाटातल्या पोरांना हे चांगलंच कळलं. रिचार्जला पैसे असले तरी रेंज पाहिजे.

खिशातल्या नेटवर एक गोष्ट मात्र येत नाही, ती म्हणजे जर्नल्स. त्यासाठी २०१० पासून इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आहे. अनुदानित कॉलेजने वर्षाला पाच हजार रुपये अधिक कर भरायचा आणि हजारो जर्नल्स, लाखो पुस्तकं उघडी. आजवर ज्या ज्या वाटण्या झाल्या त्यात मला ही सगळ्यात शहाणी वाटते. कॉलेजला परवडेल एवढा वाटा, पण अगदी फुकट नाही, म्हणजे ग्रंथपालाला वर्षातून एकदा तरी प्राचार्यांना सांगावं लागतं की याचा उपयोग काय झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर झालं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार जर्नल्स. पहिल्या टप्प्यात संस्था केंद्र आणि राज्य सरकारच्या. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय त्या व्याख्येत बसतं. पण वऱ्हाडात पदवीची बहुतेक पोरं शिकतात ती खासगी संस्थांच्या अनुदानित कॉलेजांत, पंजाबरावांनी आणि त्यांच्यासारख्यांनी काढलेल्या. तिथल्या ग्रंथपालाला यंदाही पाच हजार अधिक कराचा चेक काढायचाच आहे.