मानमोडीनंतरच्या बाया

वऱ्हाडातली जुनी माणसे १९१८च्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. सरकारी कागदांत ती इन्फ्लुएंझा. देशभरात निदान सव्वा कोट माणसे तिने नेली असे मानतात, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांत मुंबई इलाख्याच्या जोडीला आपला मध्यप्रांत-वऱ्हाड होता. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत, आणि साथीचा जोर नेमका त्याच सुमाराचा.

ही साथ म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांवर अधिक उलटली. त्यातही पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या. त्याचे एक कारण तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही दिसले होते: तापाने फणफणलेली बाई अंथरूण धरत नव्हती, घरातल्या दुसऱ्या आजाऱ्याच्या उशाशी बसत होती.

गेलेल्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला कुतूहल होते ते मागे राहिलेल्यांचे. नवरा गेला, दीर गेला, पदरात दोन लेकरे. ही बाई १९१९ साली काय करत होती? पदवीचा आधार नसलेल्या माझ्यासारखीला अशा प्रश्नाचे उत्तर जनगणनेच्या तक्त्यांत चाचपडतच शोधावे लागते. मग जेम्स फेन्स्के, बिष्णुप्रिया गुप्ता आणि साँग युआन या अर्थतज्ज्ञांचा २०२२चा शोधनिबंध वाचनात आला. जिल्ह्याजिल्ह्यांतली मृत्युसंख्या त्यांनी जनगणनेशी ताडून पाहिली. जिथे साथीने जास्त माणसे मारली, तिथे १९२१ साली कामाला लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण वाढलेले होते, आणि ही वाढ मुख्यतः सेवाक्षेत्रात होती. माणसे कमी झाल्याने मजुरी चढली हे एक कारण, आणि विधवांना पोटासाठी उंबरा ओलांडावा लागला हे दुसरे. पुढे ही वाढ टिकली नाही.

ती का ओसरली, याचा वऱ्हाडापुरता माझा अंदाज असा. कुणबी, माळी, महार अशा समाजांत पाट लागत असे, म्हणून त्यांतल्या बऱ्याच जणी पुन्हा संसाराला लागल्या असाव्यात. पाट वर्ज्य असलेल्या घरांतल्या विधवांना ती वाट नव्हती. कापसाची वेचणी तर आधीपासूनच बायांची. अकोला, अमरावती, खामगावच्या जिनांतही बाया होत्याच. पण ही सगळी कामे हंगामी. सरकी संपली की काम संपले. त्यांत वरची पायरी नव्हतीच, मग चढणार कुठे?

अपवाद दवाखान्यांचा. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून १८८५ साली निघालेल्या डफरीन फंडाचे नाव अमरावतीकर आपल्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला आजही लावतात. अकोल्यात तेच ‘लेडी हार्डिंग’. अशा ठिकाणी परिचारिका, सुईण, लेडी डॉक्टर या मंजूर जागा असतात. बाई निवृत्त झाली तरी जागा राहते आणि तिथे दुसरी बाई येते. साथीने मिळालेले काम आणि नेमणुकीने मिळालेली जागा यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

शंभर वर्षांनी करोना आला. २२ फेब्रुवारी २०२१पासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली, शेजारच्या अकोल्यातही निर्बंध आले. राज्यातल्या दुसऱ्या लाटेची चाहूल आपल्याकडूनच लागली. तेव्हा अमरावतीच्या पालकमंत्री यशोमती ठाकूर होत्या, पोलीस आयुक्त डॉ. आरती सिंह. १९१८ साली अशा हुद्द्यांवर बाईची कल्पनाही कुणी केली नसती. वरच्या टोकाला या दोघी, आणि गल्लीबोळांत ऑक्सिमीटर घेऊन फिरणाऱ्या आशा. मधल्या पायऱ्यांवर कोण होते, हे मी शोधत राहिले.

देशाच्या श्रमशक्ती पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१८-१९ मध्ये २४.५ टक्के होता, २०२०-२१ मध्ये ३२.५ टक्के झाला. वाचून आनंद व्हावा असा आकडा! पण वाढ मोठ्या प्रमाणात घरच्या शेतीत, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांची होती. काम करणाऱ्या स्त्रियांत नियमित पगारदारांचा हिस्सा उलट घटला. १९२१च्या तक्त्याची सावली इथे दिसते.

त्याच काळातली दुसरी तारीख १ एप्रिल २०२०, पहिल्या टाळेबंदीचा आठवा दिवस. पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर एक स्वतंत्र स्त्री संचालक असलीच पाहिजे, हा सेबीचा नियम त्या दिवशी लागू झाला. कारखाने बंद, कचेऱ्या बंद, आणि तरी कंपन्यांना बाईसाठी खुर्ची ठेवणे भाग पडले. साथीशी त्याचा काहीच संबंध नव्हता. नियम २०१८ सालीच ठरलेला होता. मंदीत छाटायच्या यादीत ही खुर्ची घालता आली नाही, ती कायद्यात लिहिलेली होती म्हणूनच. एका खुर्चीने कंपनीचा कारभार बाईच्या हाती येतो असे मी म्हणणार नाही.

आशांची खुर्ची मात्र कुठे लिहिलेली नव्हती. योजना २००५ची, आणि त्यात त्या ‘स्वयंसेविका’. म्हणून पगाराऐवजी मानधन. जून २०२१च्या मध्यावर राज्यभरातल्या आशांनी संप केला. आठवडाभराने दरमहा १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता कबूल झाला. पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. पुरस्कारानंतरही त्यांची गणना स्वयंसेविकांतच होत राहिली.