पाटीवरचा खर्च



इथे हॅरोत ओळखीच्या एका मराठी जोडप्याने पोळी-भाजीचं छोटं दुकान काढायचं ठरवलंय. फ्रीज, शेगड्या, परवाने, सगळ्याचा हिशेब झाला आणि शेवटी विषय निघाला पाटीचा. दादा म्हणाले, "अरे तू कॉम्प्युटरवाला ना, वर्डमध्ये मंगल फाँट टाकून नाव काढून दे, मी प्लास्टिकवर छापून आणतो." वहिनींचं म्हणणं, पाटी नीट एखाद्या जाणकाराकडून करून घ्यायची. त्या जाणकाराने सांगितलेला आकडा ऐकून दादा गप्प झाले, आणि मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

मला पटकन काही सुचलं नाही. पण घरी येताना ट्यूबमध्ये बसलो आणि समोरच्या भिंतीवर तेच लाल कडं, त्यावर निळी पट्टी, पट्टीवर स्टेशनचं नाव. रोज बघून बघून दिसेनासं झालेलं. ह्या पाटीची गोष्ट थोडी माहीत होती; बाकी कॉव्हेंट गार्डनच्या ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये दोन रविवार घालवून जमवली. इथल्या बऱ्याच जणांचा रोजचा प्रवास ह्याच गाडीने होतो, म्हणून सगळ्यांसाठी लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे ट्यूब तेव्हा सरकारी नव्हती. तो धंदा होता, आणि सुरुवातीला चांगलाच बुडीत धंदा. चार्ल्स येर्कीस नावाच्या अमेरिकन भांडवलदाराने १९०२ मध्ये कंपनी काढली, लोकांचे पैसे उभे केले आणि गाड्या सुरू होण्याआधीच, १९०५ च्या डिसेंबरात, तो वारला. १९०६-०७ मध्ये बेकरलू, पिकॅडिली आणि हॅम्पस्टेड अशा तीन लाइन सुरू झाल्या. पिकॅडिली लाइनवर वर्षाला ६ कोटी प्रवासी येतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी आले २ कोटी ६० लाखांच्या आसपास. बाकी दोन लाइनचंही तेच रडगाणं. कर्ज डोक्यावर, रोखे घेणारे दारात. अशा वेळी आपण काय करू? पाटीवरचा खर्च आधी कापू.

त्यांनी उलटं केलं, आणि ह्यात मोठा हात होता फ्रँक पिकचा. हा मूळचा वकिलीचं शिक्षण घेतलेला. ना चित्रकार, ना इंजिनियर. १९०६ मध्ये कंपनीत आला आणि कंपनीच्या जाहिरातबाजीबद्दल कुरकुर करायला लागला. १९०८ मध्ये वरिष्ठांनी तेच खातं त्याच्या गळ्यात मारलं. (मीटिंगमध्ये तक्रार केली की ते काम आपल्याच नावावर लागतं, हा नियम आयटीच्याही आधीचा आहे तर! :-))

त्याच वर्षी लंडनच्या वेगवेगळ्या भुयारी कंपन्यांनी मिळून 'अंडरग्राउंड' हे एकच नाव लावायचं ठरवलं. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला कुठली कंपनी कोणाची हे कळायची गरज नाही, खाली गाडी आहे एवढं कळलं की झालं. पण खरी गंमत प्लॅटफॉर्मवर होती. तेव्हा स्टेशनच्या भिंती जाहिरातींनी नखशिखांत भरलेल्या असायच्या. साबण, मोहरी, चहा, काय वाटेल ते. त्यात स्टेशनचं नाव म्हणजे आणखी एक पाटी. गाडी थांबते काही सेकंद. तेवढ्यात खिडकीतून बघून उतरायचं की नाही हे ठरवायचं. आपल्याकडे दादरला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात तीन-तीनदा नाव लिहिलेलं असूनही गर्दीत मान वाकडी करावी लागते, तर इथे काय होत असेल!

ह्यावर उपाय निघाला तो अगदी साधा. नावाच्या निळ्या पट्टीमागे लाल रंगाची भरीव थाळी. १९०८ मध्ये सेंट जेम्सेस पार्क स्टेशनवर ती लागली. चौकोनी जाहिरातींच्या गर्दीत गोल लाल आकार डोळ्याला आधी सापडतो, वाचायचं काम नंतर. शिवाय पिकने जाहिरातींना ठरावीक जागा आखून दिल्या आणि नावाभोवतीची जागा मोकळी ठेवली. जाहिरात हे कंपनीचं उत्पन्न होतं हे लक्षात घ्या. म्हणजे पाटीवरचा खर्च फक्त पत्र्याचा नव्हता, तिच्याभोवती जी भिंत विकली नाही तीही त्यातच धरायला हवी.

ह्या पाट्या इनॅमलच्या. पुण्याच्या जुन्या वाड्यांवर निळ्या-पांढऱ्या पाट्या असतात ना, तीच जात. पत्र्यावर काचेची पूड देऊन भट्टीत भाजायची. मग ऊन-पाऊस काही होत नाही.

आता अक्षरं. पिकचं दुखणं असं की कंपनीची सूचना आणि शेजारची साबणाची जाहिरात एकाच छापखानी वळणाची असली की लोक दोन्हीकडे दुर्लक्ष करतात. त्याला असं अक्षर हवं होतं जे फक्त कंपनीचं असेल, आणि प्रत्येक अक्षर दुरूनही दुसऱ्यासारखं वाटता कामा नये. १९१३ मध्ये त्याची गाठ पडली एडवर्ड जॉन्स्टनशी. हा उरुग्वेत जन्मलेला, रुंद टोकाच्या बोरूने लिहिणारा सुलेखनकार. लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये त्याने सुलेखन शिकवलेलं. १९१५ मध्ये त्याला काम दिलं आणि १९१६ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, त्याने अक्षरं हातात ठेवली.

ती अक्षरं एकदा नीट बघा. कॅपिटल ओ म्हणजे चक्क वर्तुळ. उंचीच्या सातवा हिस्सा जाडी. छोट्या एलला खाली शेपूट आहे, त्यामुळे तो एक आकड्यासारखा किंवा कॅपिटल आयसारखा दिसत नाही. (पासवर्ड वाचताना एल का आय का एक, ह्यात ज्यांचं आयुष्य गेलंय त्यांनी ह्या माणसाला हात जोडावेत.) आणि आयवरचा टिंब गोल नाही, तिरका चौकोन आहे. बोरू टेकवला की असाच टिंब उमटतो. ह्या सगळ्या यंत्रासारख्या अक्षरांत हाताची तेवढीच एक खूण राहिली आहे. मला तर ती कळल्यापासून दुसरं काही दिसतच नाही.

लाल थाळीचं पोकळ कडं केलं तेही जॉन्स्टननेच. १९१७ मध्ये ते कंपनीचं ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं. त्याचा शिष्य एरिक गिल ह्याने पुढे १९२८ मध्ये गिल सॅन्स काढला, तो वळणाने ह्याच घरचा, आणि तो विकत मिळत असल्याने सगळीकडे पसरला. जॉन्स्टनची अक्षरं मात्र कंपनीने घरात ठेवली.

पाटीमुळे कंपनी तरली असं म्हणालो तर ती थाप होईल. १९१२ मध्ये त्यांनी लंडनची सर्वात मोठी बस कंपनी विकत घेतली आणि बसच्या नफ्यावर ट्यूब जगली. पण बस, भुयार, ट्राम असं सगळं एका छताखाली येत गेलं तेव्हा ते एकाच घरचं दिसायला काहीतरी लागतं, आणि ते तयार होतं. १९२६ मध्ये मॉर्डनपर्यंत लाइन वाढली तेव्हा वास्तुविशारद चार्ल्स होल्डनने स्टेशनच्या मोठ्या खिडकीच्या काचेतच ते कडं बसवलं. रात्री आतून दिवे लागले की इमारत हीच पाटी. १९३३ मध्ये हॅरी बेकचा सरळ रेषांचा नकाशा आला. हा बेक सिग्नल खात्यातला ड्राफ्ट्समन, आणि त्याचा नकाशा आधी नाकारला होता. त्याच वर्षी सगळं लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्डाकडे गेलं, पिक त्याचा मुख्य अधिकारी झाला. नवा मालक आला तरी कडं तेच राहिलं.

१९७९ मध्ये एइची कोनो ह्या जपानी डिझायनरने अक्षरं नव्या छपाईसाठी दुरुस्त केली, २०१६ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा मोनोटाइपने आणखी एक आवृत्ती काढली आणि त्यात हॅश आणि ॲट ही चिन्हं आली. २०२२ मध्ये व्हाइटचॅपल स्टेशनवर बंगालीतही नाव लागलं. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या कायद्यात मराठी अक्षर इतर लिपीहून लहान नको अशी दुरुस्ती झाली. मागच्या सुट्टीत मुंबईत बघितलं तर अक्षरं मोठी झालीत खरी, पण बऱ्याच ठिकाणी देवनागरी म्हणजे इन्स्पेक्टर येतोय म्हणून घाईने चिकटवल्यासारखी. मंगल र. कृ. जोशींसारख्या थोर माणसाने काढलेला फाँट आहे, पण तो कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी. तो रस्त्यापलीकडून वाचायला लावणं हा त्यांच्यावरही अन्यायच.

असो, पुन्हा पिककडे. तो १९४० मध्ये निवृत्त झाला, १९४१ मध्ये गेला. 'सर' ही पदवी त्याने नाकारली होती. पिकॅडिली सर्कसच्या तिकीट हॉलमध्ये २०१६ पासून त्याचं स्मारक आहे. पुतळा नाही, भिंतीवर ते कडं आणि त्याच्याच टिपणांतले शब्द, जॉन्स्टनच्या अक्षरांत.

म्युझियमचं तिकीट दादांना महाग वाटतं. म्हणून येत्या शनिवारी त्यांना फुकटात पिकॅडिली सर्कसला नेणार आहे. वहिनी म्हणाल्या, येताना त्या पाटीवाल्याच्या दुकानावरून येऊ.