ज्योत तीच, पल्ला मोठा

रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. मोजक्या तेलात उजेड दूरच्या गलबतांपर्यंत पोहोचवणे, हा त्या काळी साऱ्याच दीपगृहांपुढचा पेच. आज बॅटरीवरच्या हेडलॅम्पपुढेही तोच आहे.

मोकळ्या ज्योतीपासून अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. नुसते तेल वाढवून भागत नाही. फ्रेंच अभियंता फ्रेनेल याने १८२३ मध्ये कोर्दुआंच्या दीपगृहात भिंगे बसवून चहूकडे विखुरणारा उजेड अरुंद झोतांत बांधला. मात्र झोताबाहेर अंधार उरतो. म्हणून भिंगे फिरती ठेवली.

हेडलॅम्प निवडताना हेच स्मरावे. ल्युमेनचा आकडा एकूण प्रकाश सांगतो. तो किती दूर जाईल, हे झोताच्या आकारावरही ठरते. दूरची खूण शोधायला अरुंद झोत, पायवाटेला पसरट आणि मंद. म्हणजे बॅटरीही अधिक टिकते.