पुण्याची बससेवा : विद्यार्थ्यांच्या शहरातली पीएमपी

पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिकांच्या हद्दीत आणि भोवतालच्या गावांत चालणारी सार्वजनिक बससेवा. ती चालवणाऱ्या कंपनीचे पूर्ण नाव पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड. कागदोपत्री तिला पीएमपीएमएल म्हणतात, बोलण्यात पीएमपी, आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुणेकरांच्या तोंडी अजूनही पीएमटी. सुमारे दोन हजार गाड्या आणि रोज साधारण दहा लाख प्रवासी एवढा या सेवेचा पसारा आहे. या प्रवाशांत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा असल्याने ही सेवा कशी वाढली आणि कुठे अडली, हे शहराच्या शैक्षणिक इतिहासाला धरूनच पाहावे लागते.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे जुने निवासस्थान विद्यापीठाला मिळाले. त्या काळी हे ठिकाण शहराबाहेर होते. महाविद्यालये मात्र शहरात कधीचीच रुजली होती. अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुळे १८५४ पर्यंत जातात, फर्ग्युसन १८८५ चे, तर स. प. महाविद्यालय १९१६ चे. विद्यापीठाचा पदव्युत्तर विभाग एका टोकाला, पदवीची महाविद्यालये डेक्कनला आणि टिळक रस्त्यावर, वसतिगृहे आणखी कुठे, अशी ही मांडणी. एका कुंपणाच्या आत सगळे विद्यापीठ मावते अशी गावे जगात पुष्कळ आहेत. तिथे वसतिगृहातून वर्गात चालत जाता येते. पुण्यात वर्ग, ग्रंथालय, खानावळ आणि खोली यांच्यामध्ये शहरच उभे असते. त्यामुळे इथल्या बसकडे शिक्षणव्यवस्थेचा एक भाग म्हणून पाहिले पाहिजे. शहराच्या कारभाऱ्यांनी तिच्याकडे या नजरेने फारसे पाहिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे शहरात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीच्या बसगाड्या धावत. १९५० च्या फेब्रुवारीत पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. त्याच वर्षी तिने ही सेवा ताब्यात घेतली आणि पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट, म्हणजे पीएमटी, सुरू झाली. पुढे मुळा-पवनेच्या पलीकडे कारखान्यांचे नवे शहर उभे राहिले आणि १९७४ साली पिंपरी-चिंचवडची स्वतंत्र पीसीएमटी निघाली. अनेक वर्षे या दोन सेवा शेजारीशेजारी चालल्या. निगडीच्या विद्यार्थ्याचे कॉलेज डेक्कनला आणि भोसरीच्या कामगाराचे नातेवाईक हडपसरला असत. प्रवाशाच्या लेखी शहर एकच होते, हिशेबाच्या वह्या तेवढ्या दोन. अखेर १९ ऑक्टोबर २००७ रोजी दोन्ही सेवा एकत्र करून सध्याची कंपनी स्थापन झाली. तिच्यात पुणे महापालिकेचा हिस्सा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के आहे. वर्षाची संचलन तूटही याच प्रमाणात भरून द्यायची असते.

पुण्यात पीएमटीला खरी स्पर्धा दुचाकीने केली. आधी पुणे सायकलींचे शहर होते. प्राध्यापकही सायकलवरून महाविद्यालयात येत. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजची चेतक बाहेर पडली आणि त्याच वर्षी पुण्याच्याच कायनेटिकची लुना आली. बसला ज्या रस्त्यांवर प्रवासी मिळायचे, त्याच रस्त्यांवर शहराने स्वतः घडवलेल्या या दुचाकी उतरल्या. वीस मिनिटे थांब्यावर उभे राहून न आलेल्या बसची वाट पाहणाऱ्या मुलाला बारावीनंतर वडिलांकडून गाडी मिळू लागली. नंतर ही रूढीच झाली, आणि ज्याला गाडी मिळत नाही तो बसच्या भरवशावर राहतो, अशी विभागणी झाली. बसची मागणी घटल्याचे कारण दाखवून फेऱ्या कमी करायच्या, आणि फेऱ्या कमी झाल्या की आणखी प्रवासी दुचाकीकडे वळायचे, हे चक्र पुण्याने इतर अनेक शहरांपेक्षा आधी आणि अधिक पूर्णपणे अनुभवले.

बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्यांचे पुण्यातले पहिले वाहन बहुधा बसच असते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची एसटी स्वारगेटला सोडते. नगर, नाशिक, मराठवाड्याकडची पूर्वी शिवाजीनगरला सोडत असे. मेट्रोच्या कामासाठी २०१९ अखेर शिवाजीनगरचे एसटी स्थानक वाकडेवाडीला हलले. नकाशावर हे अंतर किरकोळ आहे, पण हातात पेटी आणि गादीची वळकटी घेऊन उतरलेल्या मुलाला शहरातली पुढची बस कुठून पकडायची, याचे सगळे गणित त्याने बदलले.

शहराच्या अंतर्भागातले मार्गही नवख्याची परीक्षा घेतात. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता दोन्ही एकेरी. शिवाजीनगरकडून डेक्कनला जाणारी बस जंगली महाराज रस्त्याने येते आणि परतताना गुडलक चौकातून फर्ग्युसन रस्त्याने वर जाते. म्हणजे सकाळी जिथे उतरायचे, त्याच्या समोरच्या बाजूला परतीचा थांबा नसतो, तो शेजारच्या रस्त्यावर शोधावा लागतो. पेठांमध्ये शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्त्याची हीच तऱ्हा. गणेशोत्सवात मध्यवर्ती रस्ते बंद झाले की मार्ग पुन्हा वळतात. नियमित प्रवाशांना हे पाठ असते, थांब्यावरच्या फलकावरून ते कळेलच असे नाही.

काही मार्गक्रमांक पुण्यात पत्त्यासारखे वापरले जातात. २ क्रमांक कात्रजहून शिवाजीनगरला जातो. कात्रज-धनकवडीच्या बाजूला भारती विद्यापीठाचा परिसर असल्याने या गाडीत पाठीवर सॅक असलेल्यांची गर्दी दिवसभर असते. ९४ कोथरूड डेपोहून पुणे स्टेशनला जाते आणि वाटेत एसएनडीटी, गरवारे महाविद्यालय, डेक्कन असा शिक्षणसंस्थांचा पट्टाच पार करते. १०० क्रमांक मनपा भवनाहून विद्यापीठ चौकावरून हिंजवडीच्या माण फेज ३ पर्यंत जातो. त्यात विद्यापीठात उतरणारा संशोधक विद्यार्थी आणि पुढे आयटी कंपनीत जाणारा अभियंता एकाच दांडीला धरून उभे असतात. आणि ५० क्रमांक सिंहगडच्या पायथ्याचा. पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे ही बस पकडून गडावर गेली नाही अशी पुण्यातली कॉलेजातली पिढी विरळाच. आगारांची नावेही अशीच खास आहेत : न. ता. वाडी म्हणजे नरवीर तानाजी वाडी, अप्पर म्हणजे अप्पर इंदिरानगर. पाटीवर नुसते ‘मनपा’ लिहिले तरी गाडी कुठे जाणार, हे अख्ख्या शहराला कळते.

भाडे टप्प्यांनुसार आकारले जाते. अकरा वर्षे न बदललेले दर १ जून २०२५ पासून वाढले. पाच रुपयांचे किमान तिकीट दहा रुपयांचे झाले. दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दैनंदिन पास ७० रुपयांना आणि मासिक पास १५०० रुपयांना मिळू लागला. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या मासिक पासाला या वाढीतून वगळण्यात आले, हा निर्णय योग्यच होता. जून-जुलैत प्रवेश झाले की बोनाफाईड दाखला घेऊन विद्यार्थी पास केंद्रावर येतात. पासामुळे दिवसात कितीही वेळा चढता-उतरता येते, ही त्याची खरी किंमत. सकाळी महाविद्यालय, दुपारी सदाशिव पेठेतली अभ्यासिका, संध्याकाळी ‘कमवा व शिका’तले किंवा दुकानातले काम, असा दिवस असलेल्या मुलाला प्रत्येक वेळी सुटे तिकीट परवडणारे नाही. कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा हे टक्क्यांवर ठरते असे सगळे मानतात, पण कमी उत्पन्नाच्या घरात ‘तिथे थेट बस आहे का?’ हा प्रश्नही तेवढाच जोर धरून असतो. मुलींच्या बाबतीत तर तो अधिकच. क्लास रात्री आठला सुटत असेल आणि नंतरच्या गाडीचा भरवसा नसेल, तर बंद होतो तो क्लास.

याच गरजेतून ८ मार्च २०१८ रोजी केवळ महिलांसाठी ‘तेजस्विनी’ गाड्या सुरू झाल्या. गर्दीच्या वेळी त्यांचा उपयोग होतो. मात्र त्या मोजक्या मार्गांवर मोजक्या फेऱ्या करतात. रात्री उशिरा चालणारी ‘रातराणी’ही काही ठरावीक मार्गांपुरतीच आहे.

पुण्याने बससाठी मोठे प्रयोग केले नाहीत असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आखून बीआरटी सुरू झाली. देशातला हा अशा प्रकारचा पहिला प्रयोग. रस्ता खोदलेला असताना, थांबे आणि पादचाऱ्यांच्या वाटा अपुऱ्या असताना तो सुरू झाला, आणि मार्गिकेत इतर वाहने शिरत राहिली. त्यातून पुणेकरांच्या मनात बीआरटीबद्दल जी अढी बसली, ती नंतर निघाली नाही. २०१५ साली ‘रेनबो’ नावाने संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत हे मार्ग अधिक विचारपूर्वक उभारले गेले. रस्त्याच्या मध्यभागी फलाटाच्या उंचीचे थांबे आणि उजवीकडे दारे असलेल्या गाड्या, अशी त्यांची रचना. पिंपरी-चिंचवडने रुंद रस्त्यांचा फायदा घेऊन ही मार्गिका बऱ्यापैकी जपली. पुण्यात नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग २०२३ मध्ये काढून टाकण्यात आला. मोटारींना जागा हवी म्हणून बसची जागा काढून घेणे हे पुण्यासारख्या शहराला शोभणारे नाही. एका बसमध्ये साठ माणसे असतात, आणि तेवढ्या माणसांच्या मोटारींनी अख्खा चौक अडतो.

बस वेळेवर आणि भरपूर असल्या तर पुणेकर त्यात बसतात, याचा पुरावा १ नोव्हेंबर २०१२ चा ‘बस डे’. ‘सकाळ’ वृत्तसमूहाच्या पुढाकाराने त्या दिवशी जादा गाड्या रस्त्यावर आणल्या गेल्या आणि नागरिकांना आपली वाहने घरी ठेवण्याचे आवाहन झाले. महाविद्यालयांतल्या तरुणांनी त्यात मनापासून भाग घेतला. दुसऱ्या दिवशी जादा गाड्या गेल्या आणि प्रवासीही. एरवी याच विषयावर ‘परिसर’सारख्या संस्था आणि पीएमपी प्रवासी मंच वर्षानुवर्षे पाठपुरावा करत आल्या आहेत : गाड्यांची संख्या, थांब्यांवरची सावली, वेळापत्रक, पादचारी मार्ग.

गाड्यांमध्ये बदल खूप झाला. डिझेलच्या जागी सीएनजी आला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये भेकराईनगर आगारातून विजेवरच्या गाड्या धावू लागल्या. त्या वातानुकूलित असूनही भाडे साध्या गाडीचेच ठेवले गेले. चढायला पायरी खाली, आवाज कमी, धूर नाही. विद्यार्थ्यांना या गाड्या मनापासून आवडल्या. २०२१ मध्ये पेठांच्या भागात लहान गाड्यांची ‘पुण्यदशम’ सेवा आली. त्यात दहा रुपयांत दिवसभर फिरता येत होते. वाहकाच्या हातातली पेटी आणि पंच जाऊन तिकिटाचे यंत्र आले, ऑक्टोबर २०२३ पासून यूपीआयने पैसे देता येऊ लागले आणि सुट्ट्या पैशांवरचा रोजचा वाद ओसरला. २०२४ मध्ये आलेल्या ‘आपली पीएमपीएमएल’ अॅपवर गाडी कुठवर आली आहे ते पाहता येते. थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीला गाडी दोन मिनिटांवर आहे की वीस, हे कळणे फार महत्त्वाचे असते.

अडचणीचे मूळ कारभारात आहे. ताफ्यातल्या गाड्यांचा मोठा भाग भाडेतत्त्वावरचा आहे : गाडी आणि चालक ठेकेदाराचा, वाहक पीएमपीचा, आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे. महापालिकांकडून पैसे उशिरा आले की ठेकेदारांची बिले थकतात. मार्च २०२३ मध्ये थकबाकीवरून ठेकेदारांनी गाड्या थांबवल्या आणि हजारो प्रवासी थांब्यावर अडकले. कंपनीच्या अध्यक्षपदी सनदी अधिकारी येतात आणि अनेकदा वर्षभरातच त्यांची बदली होते. २०१७ मध्ये आलेल्या तुकाराम मुंढे यांनी कामगारांची शिस्त आणि ठेक्यांचा हिशेब दोन्हीला हात घातला, पण २०१८ च्या फेब्रुवारीत तेही गेले. वेळापत्रक बसवायलाच काही वर्षांचा सलग कारभार लागतो. तो पीएमपीला क्वचितच मिळाला.

मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी अशी मेट्रो सुरू झाली. पुढे ती शिवाजीनगर, रुबी हॉल आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. विद्यार्थ्यांना मेट्रोत ३० टक्के सवलत आहे. शिवाजीनगर ते हिंजवडी ही तिसरी मार्गिका विद्यापीठ चौकातून जाते. तिच्यासाठी २०२० मध्ये त्या चौकातले जुने उड्डाणपूल पाडण्यात आले आणि बरीच वर्षे तिथल्या बसप्रवाशांनी कोंडी सोसली. मेट्रोने बसची गरज संपत नाही, उलट स्थानकापासून वर्गापर्यंतच्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांसाठी बस अधिक लागते.

शिक्षणसंस्थाही आता शहराच्या बाहेर सरकल्या आहेत. लवळे, वाघोली, नऱ्हे, लोणी काळभोर इथे मोठाली आवारे उभी राहिली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली, तर काही संस्था त्याही हद्दीपलीकडे आहेत. हद्दीबाहेरच्या फेऱ्यांचा तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न दोन्ही महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) यांच्यात वारंवार उभा राहतो. ज्या संस्थांना परवडते त्या स्वतःच्या गाड्या चालवतात आणि वर्षाच्या शुल्काबरोबर त्याचे पैसे घेतात. ज्यांच्या घरी ते पैसे नसतात, ते विद्यार्थी पीएमपीच्या तासातून एकदा येणाऱ्या गाडीवर किंवा सहा आसनी रिक्षावर अवलंबून असतात.