एकाच जिन्यावरची दोन कॉलेजं

आमच्या कॉलेजात जिना एकच होता, पण कॉलेजं दोन होती. पहिल्या मजल्यावर ताई बी.कॉम. करत होती, तिसऱ्यावर मी बी.एस्सी. आयटी. विद्यापीठ एक, संस्था एक, गेटवरचा वॉचमनही एकच. पण माझ्या एका वर्षाच्या फीत ताईची तिन्ही वर्षं निघून वर पैसे उरले असते. बाबा कॅम्प पाचमध्ये पीसवर जीन्स शिवायचे. माझा हप्ता आला की त्या महिन्यात ते रात्रीही मशीनवर बसत.

'खासगी आहे म्हणून महाग,' असं मला तेव्हा वाटायचं. पण ताईचा वर्गसुद्धा खासगी संस्थेचाच होता! मग फरक कुठे पडला?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आले. 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बराकीत संसार मांडलेल्या या माणसांनी शाळा-कॉलेजंही उभी केली. स्टेशनजवळचं सीएचएम कॉलेज 1965 चं. ते चालवणारं मंडळ 1922 मध्ये सिंधमधल्या हैदराबादेत स्थापन झालं होतं. फाळणीनंतर 1949 मध्ये मुंबईत ते पुन्हा उभं राहिलं. अशा संस्थांमध्ये इमारत देणगीतून यायची आणि अनुदान मिळालं की प्राध्यापकांचा पगार सरकार द्यायचं. म्हणून फी शिंप्याच्या घरालाही झेपायची.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. जागा वाढल्या, कर्नाटकात जाणारी मुलं इथेच शिकू लागली. पण आता पगारापासून प्रयोगशाळेपर्यंतचा सगळा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून निघू लागला. कॅपिटेशन फी इतकी बोकाळली, की 1987 मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं: विनाअनुदानित संस्थांनी फी ठरवावी, पण नफेखोरी नको. पुढे साध्या पदवी कॉलेजांतही अनुदानित वर्गांच्या डोक्यावर 'सेल्फ फायनान्स'चे मजले चढले. त्यातलाच एक माझा.

गंमत म्हणजे, स्वस्त मजल्यावर ताईला वीस-वीस वर्षं शिकवणारे कायम प्राध्यापक होते. आम्हाला तासिका तत्त्वावरचे सर. एका सेमिस्टरमध्ये दोन बदलले. त्यांचा दोष नव्हता. जिथे जास्त पगार मिळेल तिथे ते गेले. मात्र लॅब चांगली होती आणि पहिली नोकरी मला तिच्याच जोरावर लागली, हेही खरं.

2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. पण मॅनेजमेंट कोटा, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत.

परवा शेजारची बारावीची मुलगी ब्रोशर घेऊन आली. मी तिला म्हटलं, एसी आणि कॅन्टीन नंतर बघ. आधी तीन गोष्टी विचार: हा कोर्स अनुदानित आहे का? शिकवणारे कायम किती? आणि माफी याच सीटला लागू होते का?

तिने तिन्ही प्रश्न ब्रोशरच्या मागे लिहून घेतले. बाबांनी ते वाचले आणि म्हणाले, "आपल्याला कुणी सांगितलं नाही हे."